६ फेब्रुवारी २०२२ : शिवाजी पार्क आणि कामेंग

कृष्णाकाठ

६ फेब्रुवारी २०२२ ला सकाळी लतादीदी गेल्या. केंद्राने दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला, झेंडे अर्ध्यावर आले, संध्याकाळी शिवाजी पार्कवर पंतप्रधानांच्या उपस्थितीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. ७ तारखेला राज्याने सुट्टी दिली.

त्याच ६ तारखेला अरुणाचलच्या कामेंग भागात, साधारण साडेचौदा हजार फुटांवर, गस्तीवरचे सात जवान हिमस्खलनात सापडले. ८ तारखेला सातही जणांचे मृतदेह मिळाले. त्या आठवड्यात आपल्यातल्या किती जणांपर्यंत ही बातमी पोचली?

दीदींचं दु:ख मोजायला हा धागा काढलेला नाही. दीदींसाठी जे झालं ते झालंच पाहिजे होतं. माझा प्रश्न पुढचा आहे. मोठा कलाकार गेला की यंत्रणा कशी हलते, हे आपल्याला दिसतं. जवान गेला की लेखी, ठरलेलं असं काय आहे? जिथे नाही तिथे काय असायला हवं? जाणकारांनी नेमकं लिहावं. "देशाला लाज वाटली पाहिजे" छापाचे प्रतिसाद नकोत.

बोरीबंदर

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो प्रत्येक वेळी येतो. "पद्म पुरस्कार मिळाला की शासकीय इतमाम मिळतो" असा कुठलाही नियम नाही. श्रीदेवी यांच्या वेळी (फेब्रुवारी २०१८) हीच चर्चा झाली होती, कारण त्यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली होती. नंतर माहिती अधिकारात उत्तर आलं, की तो निर्णय मुख्यमंत्र्यांच्या तोंडी सूचनेवरून झाला. राज्यात हा अधिकार मुख्यमंत्र्यांचा. शशी कपूर, दिलीपकुमार, रतन टाटा, सगळ्यांना असाच मान मिळाला.

म्हणजे कलाकाराचा शासकीय इतमाम हा त्या त्या वेळचा निर्णय असतो. जवानाचा लष्करी इतमाम कोणाच्या मर्जीवर नसतो, तो सैन्याच्या ठरलेल्या रिवाजात बसतो. या एका बाबतीत जवानाची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य करू.

ताम्हण

धाग्याच्या मांडणीशीच माझा वाद आहे. दु:ख म्हणजे रेशनचं धान्य नव्हे, की एकाला जास्त दिलं तर दुसऱ्याला कमी पडेल. दीदींचा आवाज सत्तर वर्षं घरात होता. ज्याला रोज ऐकलं त्याच्यासाठी माणूस रडतो, आणि त्यात जवानाचा अपमान नाही.

आणि उदाहरण निवडलंत तेही पाहा. २७ जानेवारी १९६३, दिल्लीचं नॅशनल स्टेडियम, कवी प्रदीप यांचे शब्द, पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची चाल आणि दीदींचा आवाज. १९६२ च्या युद्धात जे गेले त्यांच्यासाठी देश मोकळेपणी रडला तो 'ऐ मेरे वतन के लोगों' ऐकून. तेव्हा बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिथेच, सीमेवर होत. गावात देह येत नसे. घरी तार यायची आणि मागाहून सामानाची पेटी. त्या घरांच्या दु:खाला चारचौघांत जागा मिळाली ती एका गायिकेमुळे. मग दोघांना आमनेसामने का उभं करायचं?

कृष्णाकाठ

ताम्हणताई, तुमचं म्हणणं पटलं. आमनेसामने उभं करायचं नाही. तरी प्रश्न उरतोच: गाणं संपल्यावर त्या घरासाठी काय ठरलेलं असतं?

नियमपुस्तक

भारतीय ध्वजसंहिता २००२ समोर ठेवून लिहितो.

झेंडा अर्ध्यावर कोणासाठी: राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान गेले तर देशभर. लोकसभा अध्यक्ष आणि सरन्यायाधीश गेले तर दिल्लीत. केंद्रीय कॅबिनेट मंत्री गेले तर दिल्लीत आणि राज्यांच्या राजधान्यांत. राज्यपाल आणि मुख्यमंत्री गेले तर त्या राज्यात. संहितेच्या यादीबाहेरच्या कोणासाठी करायचा असेल तर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या खास सूचना लागतात. दीदींच्या वेळी तेच झालं. कर्तव्यावर असताना मरण पावलेल्या जवानासाठी झेंडा अर्ध्यावर आणण्याची तरतूद या यादीत नाही. ना देशभर, ना राज्यात, ना त्याच्या तालुक्याच्या गावी.

मात्र शवपेटीवर तिरंगा घालण्याचा मान संहितेने आणि १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्याने मोजक्यांनाच दिला आहे: शासकीय अंत्यसंस्कार, सैन्यदलं आणि निमलष्करी दलं. बाकी कोणाच्या देहावर तिरंगा घातला तर तो गुन्हा ठरतो. गावोगावी पुढाऱ्यांच्या अंत्ययात्रेत सर्रास घालतात, ते बेकायदा आहे.

जाता जाता: अर्ध्यावर आणायचा म्हणजे झेंडा थेट मध्यापर्यंत चढवून बांधायचा नाही. आधी पूर्ण टोकाला न्यायचा, मग खाली आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही आधी टोकाला, मग खाली. शाळा-कचेऱ्यांत हे निम्म्या वेळा चुकतं.

एडिसनकर

नियमपुस्तक यांनी दाखवलेली फट फार मोलाची आहे. न्यू जर्सीत हाच वाद २०१२ मध्ये झाला. गायिका व्हिटनी ह्यूस्टन या राज्याची लेक. त्या गेल्या तेव्हा गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी राज्यातले झेंडे अर्ध्यावर आणायला सांगितले, आणि "हा मान सैनिकांचा" म्हणून लोक चिडले. पण इथे राज्यातला सैनिक लढाईत गेला तर त्याच्यासाठीही गव्हर्नर झेंडा अर्ध्यावर आणायला सांगतात. २००७ मध्ये अमेरिकेच्या ध्वजकायद्यात दुरुस्ती झाली. राज्यातला सैनिक सेवेत असताना गेला आणि गव्हर्नरांनी तसा आदेश काढला, तर राज्यातल्या केंद्रीय कचेऱ्यांनाही तो पाळावा लागतो.

म्हणून इथला राग मला नीटसा पटला नाही. सैनिकासाठी झेंडा खाली येत होताच. आपल्याकडे ती सोयच नाही, म्हणून आपला राग जास्त खरा आहे आणि त्यावर इलाजही आहे: गायिकेचा झेंडा वर न्यायचा नाही, जवानासाठी तो खाली आणायची वाट करायची.

माळरान

"जवानाला कोणी विचारत नाही" हे सरसकट म्हणणं चूक आहे. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्यातले दोघे बुलढाणा जिल्ह्यातले, मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. दोन्हीकडे जनसागर लोटला होता.

आता त्याच वर्षीचा १ मे घ्या. गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला सुरुंगस्फोटात पोलिसांचे १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. दिवस महाराष्ट्र दिनाचा, माणसं महाराष्ट्राची. अडीच महिन्यांपूर्वी पेटलेल्या मेणबत्त्या त्या वेळी किती चौकांत दिसल्या? आणि तो चालक तर गणवेशातलाही नव्हता. "१५ शहीद" म्हणताना सोळावा गळतो.

माझ्या मते दरी कलाकार आणि जवान यांच्यात कमी आहे, जवानाजवानांत जास्त आहे. एकाच वेळी चाळीस गेले तर देश हलतो. एकटा गेला, बर्फात गेला, पोलीस असून गेला, तर जिल्हा आवृत्तीत आतल्या पानावर चौकट.

शेवंता

माळरान, +१. पोलिसांचं तर विचारूच नका. २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्जला चिनी गोळीबारात सीआरपीएफचे दहा जवान गेले, त्यावरून हा दिवस. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून. या दोन तारखा शाळेच्या दिनदर्शिकेत ठळक नसतात. तुकाराम ओंबळे म्हटलं की सगळ्यांना २६/११ आठवतं, पण पोलिसांसाठीही एक दिवस राखलेला आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

रोजकीर्द

गर्दी, झेंडे यावर वर चांगलं लिहिलंय. मी कागदांवर लिहितो, कारण त्या घराचं पुढचं आयुष्य त्यावर ठरतं.

पहिली गोष्ट वर्गवारी. लष्कराच्या कागदात "शहीद" हा शब्द नाही. मृत्यू 'बॅटल कॅज्युअल्टी' (लष्करी कारवाईशी निगडित) की 'फिजिकल कॅज्युअल्टी' (इतर कारणाने), हे ठरतं. बॅटल कॅज्युअल्टी असेल तर उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या १०० टक्के. लढाईत नाही पण सेवेमुळे मृत्यू असेल तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, ६० टक्के. सेवेशी संबंधच नसेल तर साधं, ३० टक्के (सुरुवातीला ठरावीक वर्षं ५०). सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राचं सानुग्रह अनुदान असं: ड्युटीवरचा अपघात किंवा दहशतवादी हिंसा २५ लाख, सीमेवरची चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई किंवा अतिउंचीवरच्या नेमून दिलेल्या चौक्यांवर निसर्गाच्या कोपाने मृत्यू ३५ लाख, युद्धात शत्रूच्या कारवाईत ४५ लाख. राज्याचं अनुदान याहून वेगळं. म्हणून "बर्फात गेला, लढला थोडाच" असं बोलणाऱ्यांनी थांबावं. हिमस्खलनाची किंमत सरकारी कोष्टकातही साध्या अपघातापेक्षा वर धरलेली आहे.

दुसरी गोष्ट, अडकतं कुठे. लग्न झालं, मूल झालं की युनिटकडून 'पार्ट टू ऑर्डर' निघावी लागते, तेव्हाच ती नोंद सेवापुस्तकात चढते. जवान सुट्टीवर येऊन लग्न करतो, परत जातो, लग्नाचा दाखला पाठवायचा राहतो. पुढे काही घडलं तर कागदावर वारस म्हणून अजून आईच. सासू-सुनेची पहिली ठिणगी इथे पडते, आणि त्यात दोघींचाही दोष नसतो. मग नावं: सेवापुस्तकात इंग्रजीत एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर लग्नाआधीचं, बँकेत माहेरचं आडनाव. स्पर्श या सैन्यदलांच्या निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीत अशी फाईल पुढे सरकत नाही. आणि हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, हे पहिल्या वर्षी घरात कोणी सांगत नाही. तो चुकला की निवृत्तिवेतन थांबतं.

गावकऱ्यांना खरंच काही करायचं असेल तर तेराव्यानंतर एक जाणता माणूस त्या घराला जोडून द्या. त्याने वीरपत्नीला सोबत घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं. मृत्यूच्या दाखल्याच्या निदान दहा-बारा प्रमाणित प्रती काढून ठेवायच्या, कारण प्रत्येक टेबल मूळ प्रत मागतं. कुठला कागद कुठल्या तारखेला कुठे दिला, हे एका वहीत लिहायचं. शंभर फुटी फलकाच्या खर्चात हे सगळं दहादा होतं.

ताम्हण

रोजकीर्द, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा.

अजिंक्यतारा

अंत्यसंस्काराच्या दिवसाबद्दल थोडं. देह विमानाने पुणे, नागपूर, मुंबई अशा ठिकाणी येतो. तिथे पहिली मानवंदना होते, मग गाडीने गावी. सलामीची तुकडी बहुतेकदा जवळच्या छावणीची असते.

पेटीवर तिरंगा, केशरी पट्टा डोक्याकडे. झेंडा साधारण सहा बाय चार फुटांचा. पुष्पचक्रं पायथ्याशी. हुकूम होतो, "शोक शस्त्र", तुकडी बंदुका उलट्या करून माना खाली घालते, बिगुलावर 'लास्ट पोस्ट', म्हणजे अखेरच्या निरोपाची धून, वाजतं. हवेत तीन फैरी. अग्नी देण्याआधी तिरंगा काढायचाच. तो चितेवर जाळत नाहीत आणि दफन असेल तर खड्ड्यातही सोडत नाहीत.

मग घडी. चार जण चार कोपरे धरून झेंडा आडवा ताणतात. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडतात. मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी आत घेत जातात, तो इतका, की वर फक्त अशोकचक्र उरतं आणि कडेला केशरी-हिरव्याची किनार. ही घडी काखेत किंवा एका हातात धरत नाहीत. दोन्ही तळव्यांवर आडवी ठेवून नेतात आणि वीरपत्नीच्या किंवा वीरमातेच्या हातांवर ठेवतात.

चुकतं ते असं. गल्लीत लष्कराची गाडी वळत नाही, हे ती आल्यावर कळतं. आदल्या दिवशीच वळणं बघून ठेवा. पेटी सहा जण नेतात, तेव्हा आठ-दहा फूट मोकळी वाट हवी, दोन्ही बाजूंनी बांबू बांधा. ध्वनिक्षेपकाचा ताबा एकाच माणसाकडे द्या, आणि "शोक शस्त्र" ऐकू आलं की त्याने तो बंद करायचा. घोषणांच्या गजरात 'लास्ट पोस्ट' बुडून जातं. तो एक मिनिट त्या घराचा असतो, तो त्यांना मिळू द्या. भाषणं नंतर. शक्यतो नकोतच.

वऱ्हाडकर

निधी गोळा करण्याबद्दल सावध करतो. अशी घटना घडली की दोन तासांत खाते क्रमांक आणि क्यूआर कोड फिरू लागतात. पुढे पाठवू नका. सीआरपीएफ, बीएसएफ यांसारख्या दलांसाठी गृह मंत्रालयाचं 'भारत के वीर' हे देणगीचं संकेतस्थळ आहे (एप्रिल २०१७ पासून). तिथे एका जवानाच्या नावे १५ लाखांची मर्यादा आहे. लष्करासाठी तसंच 'माँ भारती के सपूत' (ऑक्टोबर २०२२ पासून). नाहीतर सरळ जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधीला द्या आणि पावती घ्या. ७ डिसेंबरचीच वाट बघायला पाहिजे असं नाही.

कृष्णाकाठ

आणि कायमची नोंद? दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात (उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९) त्याग चक्र या भागात ग्रॅनाइटच्या विटांवर २५ हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत आणि रोज संध्याकाळी एका जवानाच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिलं जातं, हे वाचलंय. पण गावात काय करावं?

अजिंक्यतारा

गावात काय होऊ शकतं ते बघायला सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ लावलेला दगड आजही आहे, आणि गावाच्या नावातच 'मिलिटरी' आलं. पुण्यात घोरपडीजवळचं युद्धस्मारक लोकवर्गणीतून उभं राहिलं. दोन्हीकडे मोठा पुतळा नसला तरी काही अडलं नाही.

फत्तर

कोरीव कामाबद्दल सांगतो. पुतळ्याच्या मागे लागू नका. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जागेचे कागद, पोलिसांचा ना हरकत दाखला, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, यात वर्षं जातात. वर्गणी अडकून पडते आणि गावात भांडणं लागतात. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर शिला लावा.

काळा ग्रॅनाइट, दोन फूट बाय दीड फूट, जाडी २० मिलिमीटर तरी. नुसता रंग किंवा चिकटवलेली अक्षरं नकोत, ती दोन-तीन उन्हाळ्यांत जातात. अक्षर किमान तीन मिलिमीटर खोल कोरून घ्या. मग सोनेरी रंग उडाला तरी नाव बोटाला लागतं. दगड भिंतीला नुसता सिमेंटवर चिकटवू नका, चार कोपऱ्यांना पितळी स्क्रू मारा. लोखंडी स्क्रू गंजतात आणि दगडावर तांबडे ओघळ येतात.

सगळ्यात जास्त चुका मजकुरात होतात. मजकूर तोंडी देऊ नका. हुद्दा, सेवा क्रमांक, युनिट आणि तारीख कुटुंबाकडच्या कागदावरून लिहून घ्या, घरच्यांची सही घ्या, मगच छिन्नी लावा. सेवा क्रमांकाच्या शेवटी एक अक्षर असतं, ते बहुतेक ठिकाणी गाळलं जातं. पाहुण्यांची नावं घालायचीच असतील तर वेगळ्या छोट्या पाटीवर. जवानापेक्षा उद्घाटकाचं नाव मोठं असलेल्या शिला जागोजागी आहेत, आणि ते फार वाईट दिसतं.

शेवंता

सेवा क्रमांकावरून आठवलं. लान्स नायक चंद्रशेखर हरबोला १९८४ मध्ये सियाचीनवर हिमस्खलनात बेपत्ता झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये, ३८ वर्षांनी, अवशेष सापडले. ओळख पटली ती त्यांच्या जवळच्या धातूच्या बिल्ल्यावरून, त्यावर सेवा क्रमांक कोरलेला होता. हल्द्वानीला लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. बर्फातही अडतीस वर्षं टिकला तो क्रमांक. आपल्या शिलेवरून तो गाळू नका, फत्तरदादा म्हणतात ते अगदी खरं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वरच्या चर्चेवरून ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा करतोय. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यांपैकी जी ग्रामसभा आधी येईल तिच्यात मांडता येईल:

"ही ग्रामसभा ठराव करते की गावातील सैन्यदल, निमलष्करी दल व पोलीस दलातील जे जवान कर्तव्य बजावताना शहीद झाले, त्या सर्वांची नावे हुद्दा, सेवा क्रमांक व दिनांकासह ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर कोरण्यात यावीत, दर वर्षी त्या दिनांकास सकाळी शाळेत नाव वाचून दोन मिनिटे स्तब्धता पाळावी, कुटुंबाच्या कागदपत्रांसाठी एक सहायक नेमावा, आणि अशा जवानाच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी त्याच्या जिल्ह्यातील शासकीय इमारतींवरील राष्ट्रध्वज अर्ध्यावर आणण्याची तरतूद व्हावी, अशी शिफारस जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य शासनास व केंद्रीय गृह मंत्रालयास करण्यात यावी."

नियमपुस्तक

मसुदा उत्तम. दोन दुरुस्त्या. "शहीद झाले" ऐवजी "मृत्यू पावले किंवा वीरमरण आले" घाला, नाहीतर बर्फात किंवा अपघातात गेलेल्याच्या नावावर कोणीतरी हरकत घेईल. आणि झेंड्याच्या ओळीत अपवाद जोडा: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ६ ते १३ एप्रिलचा राष्ट्रीय सप्ताह आणि राज्याचा स्थापना दिन. या दिवशी, देह ज्या इमारतीत ठेवलेला आहे ती सोडून, इतरत्र झेंडा अर्ध्यावर येत नाही. ही ओळ नसेल तर प्रस्ताव पहिल्याच टेबलावरून परत येईल.

माळरान

आणि "जवान" च्या पुढे "व त्यांच्यासोबत कर्तव्यावर असलेले चालक, हमाल, वाटाडे" हेही घाला.

कृष्णाकाठ

तिन्ही दुरुस्त्या घेतल्या. फत्तरदादा, दोन बाय दीडच्या शिलेवर एक इंची अक्षरात किती नावं बसतील?

फत्तर

प्रत्येक नावाला दोन ओळी धरा, पहिल्या ओळीत हुद्दा आणि नाव, दुसरीत क्रमांक, युनिट, तारीख. दुसरी ओळ अर्ध्या इंची अक्षरात. दगड उभा लावलात तर मथळा आणि समास सोडून सहा नावं मोकळी बसतात. पाचच कोरा आणि खाली जागा कोरी ठेवा. मागाहून जुन्या युद्धातलं एखादं नाव कोणाच्या तरी ट्रंकेतून निघतंच.